भेडकीच्या नावावर

माझ्या मामाच्या वाड्यात, ओसरीच्या मधल्या खांबावर, एक कवटी ठोकलेली होती. हिंगणीच्या पुढे बोरच्या डोंगराला पाठ लावून बसलेले ते गाव. कवटीची मागची दोन शिंगे सरळ, गुळगुळीत, माणसाच्या मधल्या बोटाएवढी. त्यांच्या पुढे, डोळ्यांच्या खोबणींच्या वरच्या अंगाला, आणखी दोन बारके खुंट. मामा शेतातून आला की उजव्या शिंगावर दुपट्टा अडकवी आणि मगच हातपाय धुवायला जाई. पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावून उरला की तो या शिंगांनाही फासला जाई. त्यामुळे ती बाराही महिने थोडीशी लालसर दिसत.

आम्ही भाचेमंडळी उन्हाळ्याच्या सुटीत जायचो तेव्हा दरवर्षी तोच प्रश्न विचारायचो आणि तेच उत्तर मिळायचे. ‘‘भेडकीचं मुंडकं हाय ते. तुह्या आज्यानं मारली होती, ठासणीच्या बंदुकीनं.’’

‘‘मंग चार शिंगं काहून, मामाजी?’’

‘‘असतीन एखाद्याले.’’

प्रश्न तिथेच मिटायचा. भेडकी म्हणजे भेकर, कुत्र्यासारखे भुंकणारे हरीण. बोरच्या जंगलात ते आजही आहे. आजोबांनी मारलेली भेडकी जरा वेगळी निघाली, तिला दोन शिंगे जास्तीची होती, यात मुलांना काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. सहा बोटांची माणसेही गावात होतीच.

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो. 1987 साली आमच्या भागाच्या स्थानिक इतिहासावर एक छोटी पुस्तिका लिहिली. वर्धा जिल्हा 1862 साली नागपूरपासून वेगळा कसा झाला, पालकवाडीच्या जागेवर 1866 साली वर्धा शहर कसे आखले गेले, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे हिंगणघाटच्या कापसाला मँचेस्टरच्या गिरण्यांत कशी मागणी आली, 1867 साली रेल्वे नागपूरला कशी पोचली, असा सगळा मजकूर. शेवटच्या प्रकरणात ‘वनसंपदा’ म्हणून दोन पाने. त्यांत प्राण्यांची यादी दिली होती : वाघ, बिबट, अस्वल, सांबर, चितळ, भेडकी, रोही, रानडुक्कर. यादी मी कशावरून केली? खरे सांगायचे तर लहानपणी ऐकलेल्या नावांवरून आणि एका निवृत्त वनरक्षकाशी चहा पिताना झालेल्या गप्पांवरून. कापसाच्या भावासाठी मी नागपूरच्या ग्रंथालयांत महिनोन् महिने बसलो, पण प्राण्यांच्या यादीला पुरावा लागतो असे मला वाटलेच नव्हते. पुस्तिका संपली. तिच्यातली यादी मात्र शाळांच्या स्मरणिकांत, सहलीच्या माहितीपत्रकांत, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत उतरत राहिली. ‘आमच्या भागातले प्राणी’ म्हटले की माझीच आठ नावे, माझ्याच क्रमाने.

2004 च्या उन्हाळ्यात मामाचा वाडा पाडायला काढला. मामा तोवर गेले होते. मामेभाऊ म्हणाला, ‘‘दादा, हे मुंडकं तुम्ही न्या. तुम्हाले जुन्या वस्तूंचा नाद हाय.’’ फळीसकट कवटी मी घरी आणली आणि टेबलावर ठेवली. त्या दिवसांत मी जुन्या मध्यप्रांतातल्या जंगलतोडीवर वाचत होतो आणि त्या ओघात टी. सी. जर्डन यांचे 1867 साली निघालेले ‘मॅमल्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक हाती आले होते. हे गृहस्थ मद्रासकडचे लष्करी वैद्य. पक्ष्यांसाठी प्रसिद्ध, पण सस्तन प्राण्यांवरही त्यांनी नेटके लिहिले आहे. चार शिंगांच्या कुरंगावरचा त्यांचा मजकूर मी वाचत होतो आणि वाचता वाचता हात सहज कवटीकडे गेला. उजव्या शिंगाची खोळ थोडी ढिली वाटली. हळूच फिरवली, तर ती सुटून हातात आली. आत हाडाचा खुंट तसाच राहिला.

बैलाच्या शिंगावर पितळी शेंबी बसवतात ना, अगदी तशी ती खोळ निघाली. आणि भेडकीच्या शिंगाची खोळ निघणे शक्यच नसते, कारण तिला खोळ नसतेच. भेडकी, चितळ, सांबर हे मृगकुळातले. त्यांचे शिंग म्हणजे उघडे हाड. ते ठराविक काळाने गळून पडते आणि मखमली कातडीखाली नवे वाढते. गाय, बकरी, काळवीट, रोही यांच्या कुळात आत हाडाचा गाभा आणि वर नखासारख्या द्रव्याची खोळ असते. ती जन्मभराची. भेडकीच्या नराला वरच्या जबड्यात बाहेर डोकावणारे सुळे असतात. माझ्या कवटीला ते नव्हते, त्यांच्या खोबणीही नव्हत्या. चाळीस वर्षे ज्या शिंगावर दुपट्टा टांगलेला पाहिला ते भेडकीचे नव्हतेच. ते होते चौशिंग्याचे.

मराठीत आपण हे सगळेच ‘हरीण’ या एका शब्दात कोंबतो. कोशांत ‘कुरंग’ असा वेगळा शब्द आहे, पण तो वापरणारा माणूस मी बोरच्या परिसरात पाहिलेला नाही. चौशिंगा हा शब्दही वनखात्याच्या फलकांवर (तिथे बहुधा ‘चौसिंगा’) आणि पुस्तकांत. गावात जे लहान, तपकिरी, एकटे आणि झुडपात शिरून नाहीसे होणारे, ते भेडकी.

म्हणून मी या प्राण्याच्या नावांचाच शोध घ्यायचे ठरवले. माणसाच्या वंशावळीचा शोध घेताना जसे आडनाव बदललेल्या शाखा सापडतात, तसेच इथे झाले.

शास्त्राच्या दप्तरात चौशिंग्याची पहिली नोंद 1816 सालची, पॅरिसमधली. आंरी द ब्लॅंव्हिल या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने त्याला ‘क्वाड्रिकॉर्निस’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘चार शिंगांचा’, असे नाव दिले. 1825 साली विल्यम लीच या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याची स्वतंत्र प्रजाती केली आणि तिला ‘टेट्रासेरस’ म्हटले. त्याचाही ग्रीकमध्ये अर्थ तोच. म्हणजे आजच्या पूर्ण शास्त्रीय नावात चार शिंगे दोनदा येतात, एकदा ग्रीकमधून आणि एकदा लॅटिनमधून. प्राण्याविषयी दुसरे काहीच ठाऊक नसले की असे होते. त्याच 1825 साली बंगालच्या फौजेतले जनरल टॉमस हार्डविक यांनी या प्राण्याचे वर्णन छापले आणि त्याला ‘चिकारा’ हे देशी नाव लावले. ते नाव आज आपण दुसऱ्याच कुरंगाला, उघड्या माळावरच्या चिंकाऱ्याला देतो. म्हणजे एका प्राण्याचे नाव दुसऱ्याच्या माथी मारण्याचे काम आमच्या मामाच्या ओसरीवर सुरू झालेले नव्हते, ते थेट लंडनच्या शोधपत्रिकेपर्यंत पोचलेले होते.

मला सर्वांत जवळची वाटली ती वॉल्टर एलियट यांची नोंद. हे धारवाडला मुलकी नोकरीत होते आणि ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या भागातल्या सस्तन प्राण्यांची यादी त्यांनी 1839 साली मद्रासच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांना मिळालेल्या नरांची पुढची शिंगे अगदीच नावापुरती होती. म्हणून त्यांनी नवे नाव घडवले, ‘सबक्वाड्रिकॉर्नुटस’. मराठीत म्हणायचे तर ‘जेमतेम चौशिंगा’. दक्षिणेकडच्या चौशिंग्यांत पुढची शिंगे खुंटलेली किंवा अजिबात नसणे ही नेहमीची गोष्ट आहे, असे नंतरच्या लेखकांनीही नोंदवले. पुढची शिंगे मुळात लहानच असतात. मागची आठ ते बारा सेंटिमीटर आणि पुढची दोन ते पाच. शिवाय ती उशिरा, नर वर्षाचा होऊन गेल्यावर उगवतात. खेरीज मादीला शिंगेच नसतात. तेव्हा चौशिंगा नावाच्या या जातीतली निम्मी जनावरे बिनशिंगी, उरलेल्यांतली कोवळी दोनशिंगी, आणि दक्षिणेकडे मोठे नरही पुष्कळदा दोनशिंगीच. आकड्यावरून नाव ठेवले की असे फसायला होते. नेपाळात दीर्घकाळ राहिलेल्या ब्रायन हॉजसन यांनी तर 1847 साली एकाच प्राण्याच्या दोन जाती कल्पून दोन नावे दिली. पुढे ती सारी एकाच जातीत जमा झाली.

या साहेबांच्या पुस्तकांतच, देशी नावांच्या ओळीत, मला एक गोष्ट सापडली आणि मी बराच वेळ तिच्यापाशी थांबलो. गोंडीत नराला ‘भीरकुरा’ आणि मादीला ‘भीर’ म्हणतात, असे तिथे दिले आहे. दोन वेगळी नावे! गोंडांना शिंगे मोजावी लागत नव्हती. ज्याला हा प्राणी रोज दिसतो त्याला मादीही तितकीच दिसते, म्हणून तिलाही नाव मिळते. पॅरिसमध्ये नाव ठेवले गेले ते शिंगांवरून, आणि माझ्या आजोबांच्या खांबावर आली ती कवटीही शिंगांचीच. मादीची कवटी कोण टांगतो?

नावांच्या घोळातून बाहेर पडल्यावर मी नात्यागोत्याकडे वळलो आणि तिथे खरा धक्का बसला. चौशिंग्याचा आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे आपला रोही, नीलगाय. होय, तोच रोही, जो रात्रीतून तुरीचे वावर साफ करतो आणि ज्याच्या नावाने आमच्याकडचा प्रत्येक शेतकरी बोटे मोडतो. भारतातल्या कुरंगांत रोही सर्वांत थोराड. चौशिंगा खांद्याशी जेमतेम 55 ते 64 सेंटिमीटर उंच, वजनाला वीस किलोंच्या आसपास. एखादी मध्यम शेळी समजा. पण दोघे एकाच गटातले, आणि त्या गटात आज या दोघांशिवाय तिसरे कोणी उरलेले नाही. एके काळी हा गट आशिया, युरोप आणि आफ्रिकेत पसरलेला होता. त्याचे एक अगदी जुने रूप, लहान चणीचे आणि आखूड सरळ शिंगांचे, आजच्या पाकिस्तानातल्या पोटवारच्या पठारावर सुमारे 1 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीच्या थरांत मिळाले आहे. त्याची चित्रे पाहताना रोही आठवत नाही, चौशिंगा आठवतो. वाड्यातल्या खांबावर आम्ही हिंगूळ फासत होतो तो किती जुन्या घराण्याला, याची कल्पना आल्यावर मी टेबलावरची ती खोळ पुन्हा जागेवर बसवून ठेवली.

पण नातेवाईक असून दोघांच्या जगण्यात साम्य नाही. चौशिंग्याचे जगणे समजून घ्यायला मला रोह्याचा उपयोग झाला नाही, आफ्रिकेचा झाला. वर्ध्यात आफ्रिकेचे नाव निघाले की माणसाला गांधीजी आठवतात. 1893 ते 1914 ते तिकडे होते आणि 1936 पासून इथे सेवाग्रामात. मी मात्र आफ्रिकेपर्यंत पोचलो तो डायकरमुळे. डायकर म्हणजे तिथल्या झाडोऱ्यात राहणारे लहान कुरंग. डच वसाहतवाल्यांनी दिलेल्या या नावाचा अर्थ ‘बुडी मारणारा’. चाहूल लागताच मान खाली घालून झुडपात बुडी मारतो म्हणून. त्यांतला निळा डायकर चार-पाच किलोंचा, मोठ्या सशापेक्षा थोडाच मोठा. पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या झुडपी रानात डिक-डिक असतो, त्याचे नाव त्याच्या घाबरलेल्या आवाजावरून पडले. खडकांवर खुरांच्या टोकांवर उभा राहणारा क्लिपस्प्रिंगर, म्हणजे ‘खडकावरून उड्या मारणारा’. या नावांचा मला हेवा वाटला. शिंगे किती यापेक्षा प्राणी करतो काय, हे त्यांत आले आहे.

हे लहान कुरंग कळप करत नाहीत. काळविटासारखी उघड्या माळावरची जनावरे कळपात सुरक्षित असतात, कारण तिथे लपायला जागा नाही आणि पन्नास जोड्या डोळे एका जोडीपेक्षा बरे. झुडपात राहणाऱ्या लहानग्याची भिस्त न दिसण्यावर असते, आणि चार जण एकत्र आले की न दिसणे जमत नाही. पोटाचाही हिशेब आहे. पीटर जारमन यांनी 1974 साली आफ्रिकेतल्या कुरंगांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात शरीराचा आकार, आहार आणि कळप यांची सांगड घातली आहे. लहान शरीराला थोडेच पण सकस अन्न लागते : कोवळे कोंब, फुले, गळलेली फळे, शेंगा. ते रानात विखुरलेले असते. एका झाडाखाली पडलेल्या फळांवर एकाचे भागते, दहांचे भागत नाही. म्हणून हे प्राणी एकटे किंवा जोडीने राहतात आणि आपापला तुकडा राखतात. राखण्याची रीत बिनआवाजी. डोळ्यांपुढच्या ग्रंथीतला चिकट स्राव काडीला पुसायचा आणि लेंड्या ठरलेल्या जागीच टाकायच्या.

हे वाचत होतो आणि एकेक ओळ चौशिंग्याला लावून पाहत होतो. डायकरशी त्याचे जवळचे रक्ताचे नाते नाही, पण राहणी जणू एकाच शाळेतली. तो एकटा किंवा दोघे, फार तर तीन-चार. तोही पानगळीच्या रानात, उंचसखल जागी, उंच गवतात, पाण्यापासून फार दूर नाही. तोही मोहाची फुले, आवळे, बोरे, शेंगा खाणारा. चाहूल लागली की आधी जागच्या जागी थिजतो, गवतात दबतो आणि अगदी पायाशी आल्यावर उसळून पळतो. डोळ्यांपुढे त्यालाही ग्रंथीची लांबट फट असते.

आणि लेंड्यांचे ठिकाणही. ते मला बोरच्या कडेच्या एका वनमजुराने दाखवले. साठीचा गोंड माणूस, फार बोलणारा नव्हे. पायवाटेपासून दहा-बारा पावलांवर, धावड्याच्या झाडाखाली, टोपलीभर जागेत लेंड्यांचा थर होता. खालच्या पांढुरक्या पडलेल्या, वरच्या काळ्या आणि ओल्या.

‘‘हे त्याचं रोजचं ठिकाण हाय, सर. माणूस विसरते, तो नाई विसरत.’’

‘‘भेडकीचं?’’ मी मुद्दाम विचारले.

त्याने माझ्याकडे नुसते पाहिले. ‘‘भेडकी अलग.’’

एवढेच. माझ्या पुस्तिकेसाठी मी 1987 साली या माणसाला, किंवा याच्या बापाला, विचारायला हवे होते.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. असा प्राणी कागदावर का येत नाही? आमच्या भागातले कोणत्याही काळातले सरकारी कागद काढा, रानातले जनावर तीन वाटांनी त्यात शिरते. ते माणूस किंवा गुरे मारते म्हणून, पीक खाते म्हणून, किंवा त्याच्या शिकारीत मान असतो म्हणून. वाघ, बिबट, लांडगा यांना मारल्याबद्दल एकोणिसाव्या शतकात सरकार बक्षिसे देई, त्यांचे हिशेब राहिले. रोही आणि डुक्कर पिकाच्या तक्रारींत आले. सांबराची शिंगे दिवाणखान्यांत गेली. चौशिंगा कोणाचे वावर लुटत नाही, कोणावर धावून जात नाही, आणि चार शिंगांच्या नवलाईमुळे कवटीसाठी त्याला मारणारे होते खरे, पण तोही फुरसतीचा खेळ. त्याचे नुकसान ज्या गोष्टींनी झाले त्यांच्या कागदांत त्याचे नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. 1860 नंतर काळ्या जमिनीचा इंच न् इंच कापसाखाली गेला. रेल्वेला स्लीपर आणि जळण लागले. डोंगराच्या पायथ्याची जी झुडपी पट्टी, जी सरकारच्या लेखी पडीक होती, तीच चौशिंग्याची राहण्याची जागा. ‘पडीक’ हा शब्द मी माझ्या पुस्तिकेत अकरा वेळा वापरला आहे. मोजून पाहिला.

उरले बोरचे खडकाळ डोंगर. तिथे नांगर चालत नाही म्हणून रान टिकले. साठच्या दशकात बोर नदीवर धरण झाले, 1970 साली अभयारण्य जाहीर झाले आणि 2014 साली व्याघ्र प्रकल्प, सुमारे 138 चौरस किलोमीटरचा, देशातल्या अगदी लहान व्याघ्र प्रकल्पांतला एक. हे सारे वाघासाठी, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाघाच्या छत्राखाली चौशिंगाही येतोच. फक्त मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालचा पालापाचोळा फुले वेचायला सोपे जावे म्हणून पेटवतात, तेव्हा मला त्याची आठवण होते. आमच्या आयाबहिणींना ती फुले हवीत, त्यालाही हवीत. जंगलातल्या वादांची चर्चा होते तेव्हा या वादाचे नाव मी कोणाकडून ऐकलेले नाही.

कायद्यातही तो उशिराच दिसू लागला. 1912 सालच्या वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात नुसते ‘कुरंग, हरणे, ससे’ अशी जातवार मोघम नावे होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मात्र प्राण्यांना नावानिशी अनुसूचींत बसवले. 2022 साली या अनुसूची नव्याने लावल्या गेल्या. त्यापूर्वी माझ्या हातातली कवटी भेडकीची ठरली असती तर ती तिसऱ्या अनुसूचीत जात होती, चौशिंग्याची ठरली तर पहिल्या, वाघाच्या शेजारी. इथे नाव ही पंडितांची हौस राहत नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची कवटी, कातडे, शिंगे ज्यांच्याकडे होती त्यांनी कायदा लागू झाल्यापासून तीस दिवसांत ते सरकारला कळवायचे होते. आमच्या घरात कोणी कळवले नाही, कारण ते ‘भेडकीचं मुंडकं’ होते. 2003 साली नवे नियम करून राहिलेल्यांना आणखी 180 दिवस दिले. तेव्हाही ती ओसरीवरच होती, दुपट्टा घेऊन. मला ती ओळखता आली तेव्हा ती मुदत संपूनही सात-आठ महिने झाले होते.

मामेभावाला सांगितले तर तो म्हणाला, ‘‘दादा, पुरून टाका न वावरात. कोणाले काय माहीत पडते?’’ त्याचे चुकत नव्हते. तरुण मुलाच्या नोकरीचे चालले होते, पोलीस-कचेरी कोणाला हवी? मी दोन रात्री विचार केला. पुरून टाकणे म्हणजे आमच्याकडे या प्राण्याचा जो एकमेव पुरावा होता तोही मातीत घालणे. आजोबांनी एकदा मारला, मी यादीतून गाळून दुसऱ्यांदा मारला, आता तिसऱ्यांदा? शेवटी कापडात गुंडाळून मी ती वनखात्याच्या कार्यालयात नेली, मोठ्या भाच्याच्या नात्याने सारी जबाबदारी स्वतःवर घेऊन. जबाब झाला, पंच आले, सह्या झाल्या. पंचनाम्यावर लिहिले होते : ‘चौसिंगा, नर, कवटी शिंगांसह, नग एक.’ आमच्या घराण्याशी त्या प्राण्याचा जो काही साठ-सत्तर वर्षांचा संबंध होता, त्यात त्याचे नाव पहिल्यांदा बरोबर लिहिले गेले ते असे. घरी येऊन पाहिले तर टेबलावर हिंगुळाचा पुसट लाल डाग राहिला होता.

यानंतर 2011 सालची बुद्धपौर्णिमा. त्या रात्री आपल्याकडे जंगलांत पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राण्यांची नोंद करतात, हे पुष्कळांना माहीत असेल. आमच्या भागातल्या एका पाणवठ्यावर मलाही बसायला मिळाले. सोबत माझा एक जुना विद्यार्थी होता, आता स्वतः शिक्षक झालेला. नोंदीचा कागद आणि पेन त्याच्याकडे. चौशिंगा हा मुख्यतः दिवसा वावरणारा, त्यामुळे चांदण्यातल्या मोजणीत तो सापडण्याची मी आशा धरली नव्हती. पण ऊन उतरत असतानाच, सहाच्या सुमारास, समोरच्या गवतातून काहीतरी निघाले. झटके देत, पावलागणिक थांबत चालणारे. शेळीएवढे, मळकट तपकिरी. डोक्यावर काही नाही. पाण्याच्या काठाशी येऊन ते इतका वेळ निश्चल उभे राहिले की मला वाटले, मी दगडाकडे पाहतो आहे. मग मान खाली गेली. पुढच्या दोन्ही पायांवर वरून खाली उतरलेली काळी रेघ स्पष्ट दिसली. चेहऱ्यावर भेडकीसारखा काळा इंग्रजी ‘व्ही’ नव्हता, अंगावर तांबूसपणा नव्हता.

विद्यार्थी पेन उघडून कुजबुजला, ‘‘सर, भेकर ना? मादी.’’

‘‘कशावरून?’’

‘‘लहान आहे, शिंगं नाहीत.’’

‘‘चौशिंग्याच्या मादीलाही नसतात.’’

तो गोंधळला. मग अगदी आदराने, मला आठवण करून द्यावी तसा म्हणाला, ‘‘पण सर, चौशिंगा आपल्याकडं नाही ना. तुमच्याच पुस्तकात आहे न यादी. आम्ही पाठ केली होती.’’

मचाणावर मोठ्याने बोलता येत नाही ही त्या क्षणी फार सोयीची गोष्ट होती. मी नुसते बोट दाखवले, पुढच्या पायांकडे. त्याने दुर्बीण लावली. बराच वेळ पाहिले. खाली पाणी पिणे संपले होते. मादीने एकदा कान आमच्या दिशेने वळवले आणि ती आली तशीच, थांबत थांबत, गवतात शिरली. गवत हललेसुद्धा नाही.

त्याने कागद आणि पेन माझ्याकडे दिले. ‘‘तुम्हीच लिहा, सर.’’

मी लिहिले : सायं. 6.10. चौशिंगा, मादी, 1. मग आठवून समासात ‘भीर’ असेही लिहिले आणि कागद त्याला परत दिला. त्याने शब्द वाचला, काही विचारले नाही. चंद्र पुरता वर यायच्या आत पाच रोही आले आणि त्यांनी सगळे पाणी गढूळ करून टाकले.